पिवळं पडलेलं लॉन: पाणी आणि युरिया वाढवण्याआधी

तृणांकुर

बागकामाच्या धाग्यांवर लॉनचा प्रश्न आला की बहुतेक वेळा दोनच सल्ले मिळतात: पाणी वाढवा, नाहीतर युरिया टाका. दोन्हींनी थोडे दिवस हिरवं दिसतं आणि मग आधीपेक्षा वाईट होतं. लॉनची देखभाल हेच माझं काम आहे. इतकं सोशिक गवत निव्वळ उलट्या निगेपायी जाताना बघवत नाही, म्हणून स्वतंत्र धागा काढतोय.

इथे फक्त उष्ण हवेतल्या गवतांबद्दल बोलू. हरळी आणि बर्म्युडा नावाने मिळणारे तिचे संकर, झॉयसिया (कोरियन लॉन त्यातलंच), रुंद पानांचं सेंट ऑगस्टीन, कार्पेट ग्रास, आणि खारं पाणी सोसणारं पास्पालम. राय, फेस्क्यू ही थंड हवेची गवतं, त्यांचा स्वभाव वेगळा. व्हिडिओ बघून होणारा बराचसा गोंधळ या दोन गटांच्या सरमिसळीतून होतो.

आपली ही गवतं ऊस, मका, ज्वारी यांच्यासारखी सी-४ पद्धतीने अन्न तयार करतात. १९६६ साली हॅच आणि स्लॅक या दोघांनी उसाच्या पानांवर काम करून ही पद्धत उलगडली. पान कार्बन डायऑक्साइड आधी आत एकवटतं आणि मग वापरतं. त्यामुळे २७ ते ३५ अंशांच्या उन्हात, जिथे राय-फेस्क्यू मलूल होतात, तिथे ही जोमात असतात, आणि तेवढ्याच वाढीला पाणीही कमी पितात. पण एकवटण्याचं हे काम फुकट होत नाही. त्याला जास्तीची ऊर्जा लागते आणि ती उन्हातूनच येते. ऊन कमी पडलं की या गवताचा जमाखर्च तोट्यात जातो, मग त्याला कितीही खत घाला.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी ऊन मोजायचं, मग कापणीची उंची बघायची, मग खुरप्याने एक ठोंब उचलून मुळं किती खोल गेलीत ते बघायचं. पाणी आणि खताचा विचार त्यानंतर.

प्रश्न विचारताना गवत कोणतं, ऊन किती तास आणि शेवटचं किती उंचीवर कापलं, एवढं जरूर लिहा.

मृद्गंध_२

वेळेवर आलात! घराच्या एका बाजूला संकरित बर्म्युडाच्या लाद्या (मुळं-मातीसकट कापलेले गवताचे तयार तुकडे) लावल्या आहेत. मोकळ्या भागात सुंदर आलंय. भिंतीलगतचा पट्टा आणि झाडाखालचा भाग मात्र विरळ, काड्या उंच आणि खालून उघड्या. तिथे पाणी आणि खत दोन्ही जास्त देतोय. ऊन मोजायचं म्हणजे नक्की कसं?

तृणांकुर

स्वच्छ उन्हाच्या दिवशी दर तासाला त्या पट्ट्याचा फोटो काढा. सकाळी सात ते संध्याकाळी सहा. थेट ऊन किती फोटोंत पडलंय ते मोजा, झाले तास. हे वर्षातून दोनदा करा, कारण सूर्य सरकतो आणि भिंतीची सावली लांबते.

बर्म्युडाला सहा ते आठ तास थेट ऊन लागतं. झॉयसिया आणि सेंट ऑगस्टीन चार तासांवर निभावतात. त्याहून कमी असेल तर कोणतंही लॉन टिकत नाही, हे आधीच मान्य केलेलं बरं.

सावलीत काड्या उंच आणि खालून उघड्या दिसतात कारण गवत प्रकाशाकडे ताणलं जातं. तिथे नत्र दिलं की ते आणखी ताणतं, पानं मऊ पडतात आणि मुळांत साठवलेलं अन्न वर खर्च होतं. सावलीत ओल टिकते, त्यामुळे जादा पाण्याने वर बुरशी येते. म्हणजे त्या पट्ट्यात तुम्ही जे जास्त करताय ते कमी करायला हवं. पाणी कमी, नत्र निम्मं, आणि कापायच्या मशीनचं पातं उंचीच्या दोन खाचा वर. जास्त पान म्हणजे प्रकाश झेलायला जास्त जागा.

चार-पाच तास ऊन भरलं तर त्या पट्ट्यातलं बर्म्युडा काढून झॉयसिया लावा.

केदार७

झाडाखालच्या भागाबद्दल थोडं. तिथे सावलीबरोबर झाडाची बारीक मुळंही असतात, आणि ती पाणी-खत गवताच्या आधी उचलतात. मी तिथे गवताचा हट्ट सोडला. खोडाभोवती मोठं आळं करून पालापाचोळ्याचं आच्छादन घातलं, कडेला सावलीतली रोपं लावली. लॉनची कड नीट आखली की ते मुद्दाम केल्यासारखं देखणं दिसतं. शिवाय मशीनचं पातं खोडाला घासत नाही, तो झाडाचा फायदा.

तृणांकुर

केदार, शंभर टक्के. आच्छादन खोडाला चिकटवू नका एवढंच, चार बोटं जागा सोडा.

ओवी_ओंजळ

माझं बर्म्युडा, भरपूर ऊन. दर पंधरा दिवसांनी कापतो. कापल्यावर प्रत्येक वेळी तपकिरी होतं, हिरवं व्हायला आठवडा जातो, आणि हिरवं झालं की परत कापायची वेळ. माळीदादा म्हणतात, आणखी बारीक कापा म्हणजे दाट होईल.

तृणांकुर

माळीदादांचं अर्धं बरोबर आहे. बर्म्युडा बारीक कापलं की दाट होतं, पण वरचेवर कापलं तरच.

हिरवी पानं वरच्या भागात असतात, खाली नुसत्या काड्या. पंधरा दिवसांत गवत उंच झालं की पानांचा थरही वर चढतो. मग एकदम खाली कापलं की सगळी पानं जातात आणि काड्या उघड्या पडतात. गवताला पुन्हा पानं फोडायला मुळांतलं अन्न काढावं लागतं. हे दर वेळी झालं की मुळं आखडतात. उथळ मुळांचं लॉन मग दोन दिवस पाणी चुकलं तरी कोमेजतं, आणि माणसाला वाटतं पाणी कमी पडतंय.

एका कापणीत उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कापायचं नाही. ३ सेंटिमीटरवर ठेवायचं असेल तर साडेचार सेंटिमीटर झालं की कापायचं. भर हंगामात हे आठवड्यातून एकदा, कधी दोनदाही येतं. तेवढा वेळ नसेल तर उंची वाढवा. वेळ हातात किती आहे यावर उंची ठरवणं हा यातला सगळ्यात प्रामाणिक मार्ग आहे.

साधारण उंची सांगतो. साधी हरळी २.५ ते ५ सेंटिमीटर. बारीक पानांचे संकर १.२ ते २.५, पण तेवढं खाली जायचं तर जमीन सपाट हवी आणि कात्रीसारखं कापणारं सिलिंडर मोअर हवं; गरगर फिरणाऱ्या पात्याचं रोटरी मशीन तिथे उंचवटे सोलून काढतं. झॉयसिया २.५ ते ५. सेंट ऑगस्टीन मात्र ७.५ ते १०. त्याला बर्म्युडासारखं भादरलं तर ते हमखास जातं.

आत्ता वाढलेलं असेल तर एकदम खाली येऊ नका. दर तीन-चार दिवसांनी एकेक खाच उतरा. आणि पातं धारदार ठेवा. कापल्यावर पानाचं टोक पांढरट, पिंजलेलं दिसलं तर पातं बोथट झालंय.

निवडुंग

कापलेलं गवत उचलायचं की तिथेच राहू द्यायचं? मी ऐकलंय की ते कुजून खाली थर बसतो आणि लॉन गुदमरतं.

तृणांकुर

राहू द्या. हा गैरसमज फार घट्ट बसलाय. पानांच्या बारीक तुकड्यांत बहुतांश पाणीच असतं, ते लवकर कुजतात आणि त्यांतलं नत्र मातीत परत जातं. वर्षाच्या खतातलं साधारण पाव नत्र एवढ्यावर भागतं.

तुम्ही म्हणता तो थर, थॅच, तयार होतो पसरणाऱ्या खोडांचा आणि मुळांचा. ती चिवट असतात, सावकाश कुजतात. जास्त नत्र आणि सतत ओल दिली की ती कुजण्याच्या वेगापेक्षा लवकर वाढतात. म्हणजे थॅच हा खत-पाण्याच्या अतिरेकाचा हिशोब आहे. मूठभर जाडीचा चौकोन कापून बाजूने बघा. हिरवा भाग आणि माती यांच्यामधला तपकिरी स्पंजासारखा थर १२ मिलिमीटरपर्यंत ठीक. त्याहून जाड झाला की पाणी त्यातच अडकतं, मुळं मातीऐवजी त्यात वाढू लागतात. तो दाताळ्याने किंवा मशीनने उभं विंचरून काढायचा, पण गवत जोमात वाढत असतानाच. वाढ थांबलेल्या दिवसांत केलं तर जखमा भरत नाहीत.

गवत फार वाढून गठ्ठे पडले असतील किंवा लव्हाळा या तणाच्या तुऱ्यांना बी धरलं असेल, तर मात्र उचला.

सांजसावली

पाण्याचा प्रश्न. रोज संध्याकाळी दहा मिनिटं स्प्रिंकलर लावते. आमचे शेजारी तीन दिवसांनी एकदाच देतात आणि त्यांचं लॉन माझ्यापेक्षा चांगलं. हे कसं?

तृणांकुर

सांजसावलीताई, शेजाऱ्यांचं बरोबर आहे. रोज दहा मिनिटांत फक्त वरची दोन बोटं माती ओली होते, मग मुळांना खाली जायचं कारणच उरत नाही. संध्याकाळी दिलेलं पाणी पानांवर रात्रभर राहतं, बुरशीला तेच हवं असतं. पहाटे किंवा सकाळी लवकर द्या.

भर उन्हाळ्यात या गवतांना आठवड्याला साधारण २५ मिलिमीटर पाणी पुरतं, पाऊस धरून. म्हणजे दर चौरस मीटरला २५ लिटर. १,००० चौरस फुटांना सुमारे २,३०० लिटर. हे दोन-तीन वेळांत विभागून द्या. तुमचा स्प्रिंकलर किती देतो ते मोजायला सरळ भिंतींचे पाच-सहा सारखे डबे लॉनभर ठेवा, पंधरा मिनिटं चालवा आणि पट्टीने पाण्याची उंची मोजा. बहुतेकांना इथे कळतं की एका कोपऱ्यात दुसऱ्याच्या तिप्पट पाणी पडतंय. पिवळा कोपरा मग आपोआप समजतो.

कधी द्यायचं ते गवतच सांगतं. पानं लांबीत दुमडतात, रंग हिरव्याचा निळसर-राखी होतो, आणि चालल्यावर दबलेलं गवत परत उठत नाही, पावलांचे ठसे तसेच राहतात. तेव्हा द्या. दिल्यावर लांब स्क्रूड्रायव्हर मातीत खोचा. १५ सेंटिमीटर सहज गेला तर पाणी पोचलं.

निवडुंग

इथे थोडा मतभेद. नव्या लाद्यांना हा नियम लावला तर त्या वाळतात. आणि आमची माती चिकण काळी आहे. एकदम जास्त दिलं की पाच मिनिटांत पाणी वाहून जायला लागतं.

तृणांकुर

दोन्ही मुद्दे महत्त्वाचे आहेत, बरं झालं मांडलेत.

नव्या लाद्यांची मुळं कापलेली असतात. पहिले दहा-पंधरा दिवस दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं पाणी देऊन लादी आणि खालची माती ओलसर ठेवावीच लागते. कोपरा धरून हलकेच ओढून बघा. लादी उचलली गेली नाही, म्हणजे मुळं धरली. तिथून हळूहळू अंतर वाढवत न्यायचं.

चिकण मातीत पाणी टप्प्याने द्या. दहा मिनिटं चालू, अर्धा तास बंद, पुन्हा दहा मिनिटं. एकूण पाणी तेवढंच, फक्त जिरायला उसंत. माती तुडवून घट्ट झाली असेल तर वर्षातून एकदा, वाढीच्या हंगामात, मातीच्या गुंड्या उचलणाऱ्या पोकळ दातांच्या अवजाराने भोकं पाडून घ्या, ५ ते ७ सेंटिमीटर खोल. भरीव खिळ्यांनी भोक पडतं, पण त्याच्या कडेची माती आणखी दाबली जाते. हे काम वाफशावर, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसताना, करा. चिखलात केलं तर उलट घट्ट होतं.

उलट अगदी रेताड जमिनीत पाणी धरून राहत नाही. तिथे तेच २५ मिलिमीटर तीन-चार भागांत द्यावं लागतं.

मृद्गंध_२

ऊन मोजलं. भिंतीलगत पाच तास, झाडाखाली जेमतेम दोन. भिंतीकडे झॉयसिया आणि झाडाखाली केदारची युक्ती करतोय. पाणी तर आजपासूनच कमी केलं.

अवकाळी

माझं ऊन, उंची, पाणी सगळं तुम्ही म्हणता तसंच आहे, तरी पिवळं. युरिया टाकला, वाढ झाली, पण पिवळीच वाढ झाली. आता?

तृणांकुर

छान निरीक्षण. पिवळं कुठून सुरू झालं ते बघा. नत्र कमी पडलं तर आधी जुनी, खालची पानं पिवळी होतात, कारण गवत त्यांतलं नत्र काढून नव्या पानांना देतं. लोह तसं हलवता येत नाही, म्हणून लोहाच्या कमतरतेत नवी पानं पिवळी पडतात, शिरा हिरव्या आणि मधला भाग फिका. "पिवळीच वाढ" म्हणालात त्यावरून लोह वाटतंय. चुनखडीच्या किंवा जास्त सामूच्या (पीएचच्या) मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. माती तपासून घ्या. सामू ६ ते ७ असला की बरं.

तोपर्यंत फेरस सल्फेट लिटरला ५ ग्रॅम, संध्याकाळच्या गारव्यात पानांवर फवारा. दोन-तीन दिवसांत फरक दिसतो. फरशीवर पडलेलं लगेच धुवा, गंजाचे डाग जात नाहीत. हा उपाय पानापुरताच आहे, नवी पानं आली की परत लागेल. कायमचं काम शेणखत आणि कंपोस्ट करतं, सावकाश.

युरियाबद्दल सगळ्यांसाठीच: १०० चौरस फुटांना एका वेळी ५० ग्रॅमपेक्षा जास्त नको. कोरड्या पानांवर टाका आणि लगेच पाणी द्या, नाहीतर पानं भाजतात. महिनाभर थांबल्याशिवाय परत नको. झॉयसियाला बर्म्युडापेक्षा कमीच लागतं.

रानपाखरू

लव्हाळा. यावर काही आहे का? उपटून उपटून बोटं सोलली, दुप्पट येतो.

तृणांकुर

उपटल्यानेच दुप्पट होतोय. जमिनीखाली त्याच्या गाठी एकमेकींना साखळीने जोडलेल्या असतात. साखळी अखंड असते तेव्हा टोकाची गाठ मागच्यांना झोपवून ठेवते. उपटताना साखळी तुटली की मागच्या गाठी जाग्या होतात आणि प्रत्येकीतून वेगळा कोंब येतो.

लॉन लावायचं असेल तर त्याआधीच बंदोबस्त करा. गाठी बहुतेक वरच्या १५ सेंटिमीटरमध्ये असतात आणि सुकणं त्यांना सोसत नाही. भर उन्हाळ्यात जमीन खोल खणा, ढेकळं उलटी करून तापू द्या, दिसतील त्या गाठी वेचा. मग पाणी देऊन उरलेला लव्हाळा उगवू द्या आणि परत काढा. अशा दोन-तीन फेऱ्यांत जोर मोडतो. या कामात घाई करून लाद्या अंथरल्या तर पुढची कितीतरी वर्षं निस्तरावं लागतं.

लावलेल्या लॉनमध्ये पाणी कमी करा. लव्हाळा ओलीत माजतो. तो स्वतःही सी-४ आहे, सावली त्याला झेपत नाही, म्हणून लॉन जितकं दाट तितका तो खचतो. फारच पसरला असेल तर हॅलोसल्फ्युरॉन हे निवडक तणनाशक आहे, ते लव्हाळवर्गीय तणांवर चालतं. पण लेबलवर तुमच्या गवताचं नाव आहे का ते वाचल्याशिवाय हात लावू नका, आणि मात्रा लेबलवरचीच. मीठ टाकण्याचे सल्ले फिरतात, ते कृपा करून टाळा. माती खराब होते आणि लव्हाळा राहतोच.

ओवी_ओंजळ

एक वेगळा प्रश्न. मैदानांवर असतं तसल्या बारीक गवताचं बी का मिळत नाही? बी पेरून स्वस्तात झालं असतं.

तृणांकुर

कारण त्याला बीच धरत नाही. ते साध्या हरळीचा आफ्रिकेतल्या दुसऱ्या बारीक जातीशी केलेला संकर आहे. हरळीत गुणसूत्रं ३६, दुसरीत १८, आणि संकरात येतात २७. विषम संचामुळे ते वांझ निघतं. अमेरिकेत टिफ्टन इथे ग्लेन बर्टन यांनी अशा जाती तयार केल्या. त्यांतली १९६० ची टिफवे ४१९ आजही जगभर मैदानांवर आहे. ही सगळी लाद्या, रोप किंवा खोडांचे तुकडे लावूनच वाढवतात.

घाई नसेल तर तुकडे स्वस्त पडतात. दोन-तीन पेरांचे तुकडे १० ते १५ सेंटिमीटरवर टोपा, एक पेर मातीत आणि टोक वर, पाय देऊन दाबा आणि सुकू देऊ नका. ऐन उष्ण दिवसांत दोन-तीन महिन्यांत जमीन झाकते. साध्या हरळीचं बी मिळतं, पण ते इतकं बारीक असतं की खोल गेलं तर उगवत नाही. वाळूत मिसळून फेका आणि दाताळ्याच्या पाठीने हलकं दाबा.

केदार७

लॉनवर मध्येच वेडेवाकडे तपकिरी डाग पडलेत. गवत हाताने ओढलं तर चटईसारखं उचललं गेलं. पक्षीही तिथेच टोचतात.

तृणांकुर

हुमणी. खाली इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या पांढऱ्या अळ्या दिसतील, त्या मुळंच खातात. फूटभर चौकोनात पाच-सहाहून जास्त असतील तर उपाय करा, एखाददुसरी असेल तर निरोगी लॉन सोसतं. उसाच्या हुमणीसाठी वापरतात ती मेटारायझियम बुरशी इथेही चालते. ओलसर मातीत, ऊन उतरल्यावर द्या आणि वर पाणी द्या. अळ्या लहान असतानाच उपयोग होतो.

गवत मुळासकट घट्ट आहे पण पानं कुरतडलेली दिसली, तर लष्करी अळी असू शकते. चार लिटर पाण्यात दोन चमचे भांड्यांचा साबण मिसळून चौरस मीटरवर ओता, असली तर पाच-दहा मिनिटांत वर येते.

सांजसावली

डब्यांची चाचणी केली. एका टोकाला ४ मिलिमीटर, दुसऱ्याला १३! नोझल बदलून आता बरंच सारखं आलंय. आणि खड्डे भरायला वाळू टाकू का?

तृणांकुर

वा, हे छान झालं! खड्ड्यांत एका वेळी अर्धा सेंटिमीटरच्या वर नको, पानांची टोकं बाहेर दिसली पाहिजेत. ती वर आली की पुढचा थर. नुसती वाळू चिकण मातीवर टाकण्यापेक्षा खालच्या मातीशी जुळणारं चाळलेलं मिश्रण घ्या.

हिमकण

मी थंड प्रदेशात राहते. बर्म्युडा पूर्ण तपकिरी झालंय. मेलं की झोपलंय, कसं ओळखायचं? खत द्यावं का?

तृणांकुर

मातीचं तापमान १० अंशांच्या आसपास उतरलं की ही गवतं झोपी जातात, रंग जातो. एक खोड नखाने चिरून बघा. आतून पांढरट आणि टणक असेल तर जिवंत, तपकिरी आणि भुसभुशीत असेल तर गेलं. खात्री हवी तर मुठीएवढा ठोंब कुंडीत लावून उबदार, उजेडाच्या खिडकीत ठेवा. जिवंत असेल तर दोन-तीन आठवड्यांत कोंब येतील.

या काळात पाणी अगदी क्वचित, माती पार कोरडी पडू नये इतकंच. त्यावर वावर टाळा. खत आत्ता देऊ नका, ते तणांनाच मिळेल. माती १८ अंशांच्या वर गेली, गवत हिरवं झालं आणि दोन कापण्या झाल्या, की मगच पहिला हप्ता द्या.